पदकामागचे काम

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. रोज पहाटे अमळनेरच्या रस्त्याला धावतोस आणि एनडीएच्या परीक्षेचा अभ्यासही नेटाने चालला आहे, हे वाचून समाधान वाटले. ‘लढाईत पदक मिळवायचेच’ असेही तू लिहिले आहेस. त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ज्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या लष्करी अभियंत्यांच्या दलातून, मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो, त्याच सॅपर्सच्या सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांना परमवीर चक्र मिळाले होते.

काश्मीरसाठी पाकिस्तानशी झालेल्या लढाईत, एप्रिल १९४८ मध्ये, आपले रणगाडे जम्मू भागातल्या नौशेराहून राजौरीकडे निघाले, तेव्हा शत्रूने वाटेत सुरुंग पेरले होते आणि झाडे आडवी पाडली होती. ८ एप्रिलला सुरुंग काढण्यास हात घालताच उखळी तोफांचा मारा झाला. राण्यांची दोन माणसे ठार झाली आणि राण्यांसह पाच जण जखमी झाले. तरीही त्यांनी काम सोडले नाही. ११ तारखेला तर ते सकाळी सहापासून रात्री उशिरापर्यंत रस्ता मोकळा करत होते.

सुरुंग शोधायचा म्हणजे पालथे पडून, संगीन तिरकी धरून माती हळूहळू टोचत पुढे सरकायचे; टोकाला कठीण काही लागले की थांबायचे, बोटांनी माती बाजूला सारायची आणि तार कुठे गेली आहे ते पाहायचे. आजूबाजूला गोळे पडत असताना हाताला घाई होऊ न देणे, हा माझ्या मते शौर्याचा सर्वांत कठीण प्रकार आहे. राणे १९४० मध्ये साधे जवान म्हणून भरती झाले होते, ब्रह्मदेशात लढले होते आणि अधिकारी होऊन त्यांना चार महिनेही झाले नव्हते; ही सवय त्यांच्या हातांत आधीपासून मुरलेली होती.

आणखी एक. शौर्यपदकासाठी कोणी स्वतः अर्ज करत नाही. वरिष्ठ शिफारस करतात, आणि ती प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या सांगण्यावर उभी राहते. म्हणून पदकाचा विचार बाजूला ठेव आणि सोबतच्या माणसांची जबाबदारी घेण्याची सवय आतापासून लाव. पहाटे धावताना मागे पडणाऱ्या मुलाला सोबत घेऊन ये. तुझी वेळ थोडी वाढली तरी चालेल.

गणित मात्र कच्चे राहू देऊ नकोस. दिवाळीत गावी येईन, तेव्हा नकाशा घेऊन बसू आणि हा रस्ता टप्प्याटप्प्याने पाहू.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
सुभेदारकाका