बी.एड.च्या छात्राध्यापकांना मानसशास्त्र मुलांसोबत प्रत्यक्ष वापरायला कसं लावावं?

तुम्ही विचारलंय की छात्राध्यापकांना पियाजे, वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांचे सिद्धांत पाठ असतात, पण मुंबईतल्या शाळेत आंतरवासितेला (इंटर्नशिपला) गेले की त्यातलं काहीच वापरता येत नाही, तर प्रात्यक्षिक काय द्यावं? माझ्या मते आधी प्रश्नावली आणि टक्केवारीची प्रात्यक्षिकं बंद करा. अशा प्रात्यक्षिकांनी नुसतं जर्नल भरतं, तेही बहुतेक वेळा गेल्या वर्षीच्या जर्नलवरून. त्याऐवजी एक मूल, एक चूक आणि वीस मिनिटं, एवढंच काम द्या.

समजा, तिसरीतलं मूल ४२ वजा १७ चं उत्तर ३५ लिहितं. ‘लक्ष देत नाही’ हा शेरा इथे चालणार नाही. अशी सहा गणितं द्यायची, तीन हातच्याची, तीन बिनहातच्याची. फक्त हातच्याचीच चुकली, तर बहुधा मुलाने स्वतःचा नियम केलाय: मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा. ‘कसं केलंस, सांग बरं’ म्हणून ते पडताळायचं. मग तोंडी विचारायचं, ‘४२ रुपयांतले १७ खर्च झाले, उरले किती?’ पुष्कळदा हे बरोबर येतं. अडलेलं असतं ते उभ्या मांडणीत. त्यानंतर दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढे ठेवून सतरा मागायच्या. गठ्ठा सोडायला सांगायचं नाही, गप्प बसायचं. छात्राध्यापकांना सगळ्यात जड जातं ते हेच. किती मदतीवर मूल पुढे सरकलं, हे टिपलं की वायगॉट्स्की कळला: एकट्याला न जमणारं मुलाला थोड्या मदतीने जमतं. दोन दिवसांनी काड्यांशिवाय पुन्हा तपासायचं.

वहीत दोन रकाने: डावीकडे दिसलं-ऐकलं ते, उजवीकडे आपला अंदाज. ‘मूल गोंधळलं’ हे उजवीकडे जातं. ‘पेन्सिल थांबली, बोटं मोजली’ हे डावीकडे.

पियाजेचा पाण्याचा प्रयोग (भांड्याचा आकार बदलला तरी पाणी तेवढंच राहतं, हे मुलाला कळतं का) पहिली-दुसरीत करा, पण स्टीलचे पेले नकोत, पातळी दिसत नाही. दोन सारखे काचेचे ग्लास आणि एक उंच, अरुंद. पाणी सारखं आहे, हे आधी मुलाकडून वदवून घ्या, मग ओता. एका ग्लासातलं पाणी उंच ग्लासात ओतल्यावर ‘आता पाणी सारखंच आहे का?’ हा प्रश्न एकदाच विचारायचा. तोच प्रश्न परत आला की पुष्कळदा मुलाला वाटतं आधीचं उत्तर चुकलं, आणि ते उत्तर बदलतं. ‘का?’ मात्र विचारायचंच, नाहीतर अंदाजाने दिलेलं उत्तरही समज म्हणून नोंदलं जातं.

मराठी माध्यमातही घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारी मुलं असतात. प्रश्न त्यांच्या बोलीत विचारा, नाहीतर मोजमाप गणिताचं न होता मराठीचं होतं. दोन पाळ्यांच्या शाळेत रिकामी खोली मिळत नाही, तेव्हा व्हरांड्याचा कोपरा वर्गशिक्षकांना विचारून आधीच ठरवा. मधल्या सुट्टीत मात्र कुणाला बसवू नका. वहीत नावाऐवजी ‘क’, ‘ख’.

गुण देताना निदान बरोबर आलं का, हे पाहू नका. त्या नोंदीमुळे पुढच्या पाठाच्या टाचणात काय बदललं ते दाखवायला सांगा. काहीच बदललं नसेल तर वही परत द्या.