गुडघ्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, फाटलेल्या गादीचा तुकडा काढला. नीट चालायला किती दिवस लागतील?

गादीचा तुकडा फक्त काढला असेल, तर बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाय टेकवून उभं करतात. गादी शिवली असेल तर मात्र गणित वेगळं. तेव्हा कुबड्या काही आठवडे सुटत नाहीत. डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलंय ते आधी बघा.

खरी अडचण टाक्यांची नसते, मांडीच्या पुढच्या स्नायूची असते. गुडघा सुजला की तो स्नायू जणू झोपीच जातो आणि चालताना पाय मध्येच दगा देतो. म्हणून पहिल्या दिवसापासून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, 5 सेकंद धरायचं, सोडायचं. टीव्ही बघतानाही होतं! पाय उशीवर उंच, बर्फ कापडात गुंडाळून 15-20 मिनिटं.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. सगळे उलटं करतात, मीही केलं होतं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

बैठं काम साधारण आठवड्याभरात जमतं. मांडी घालणं, उकिडवं बसणं, भारतीय संडास हे मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, लाजू नका.

पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा जखमेतून पू आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी गाठा.