पोर्ट फॉरवर्डिंग करूनही गावच्या घरचे कॅमेरे बाहेरून का दिसत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की गावच्या घरी डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) बसवला, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलं, घरच्या वायफायवर सगळे कॅमेरे दिसतात, पण पुण्यातून काहीच उघडत नाही. राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटकडची बाजू) पानावर १००.७२ ने सुरू होणारा पत्ता आहे, आणि केबलवाला म्हणतो की दरमहा जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) घ्या. तो लुबाडतोय का, हा तुमचा प्रश्न.

लुबाडत नाहीये. पण स्टॅटिक आयपीशिवाय तुमचं काम होणारच नाही, हेही खरं नाही. मी छोट्या ऑफिसांची आणि दुकानांची नेटवर्कं बसवतो आणि हीच तक्रार माझ्याकडे सतत येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरातल्या उपकरणांना राउटर जे १९२.१६८ चे पत्ते देतो, ते खासगी आहेत. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम आणि शिफारशी मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) असे तीन गट बाजूला काढून ठेवले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. हेच पत्ते एकाच वेळी लाखो घरांत वापरात असतात, त्यामुळे इंटरनेटवर त्यांना काही अर्थ नाही. समजा, तुमचा लॅपटॉप १९२.१६८.१.३४ वर आहे आणि त्याने ५१५१४ या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरची वेगवेगळी संभाषणं ओळखण्याचा क्रमांक) एखादी वेबसाइट मागितली. राउटर पॅकेटवरचा, म्हणजे माहितीच्या पुडक्यावरचा, पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून तिथे स्वतःचा सार्वजनिक पत्ता घालतो, समजा २०३.०.११३.२५, आणि पोर्टही बदलून ४०२१७ करतो. ही जोडी तो आपल्या तक्त्यात लिहून ठेवतो. उत्तर ४०२१७ वर आलं की तक्ता बघून ते लॅपटॉपकडे पाठवतो. त्याच क्षणी घरातल्या फोननेही ५१५१४ च वापरला असेल, तर त्याला बाहेर ४०२१८ मिळतो. पोर्टचा आकडा ६५,५३५ पर्यंत जातो, म्हणून एका पत्त्यावर अख्खं घर चालतं.

आता तुमच्या अडचणीचं मूळ. तक्त्यातली नोंद होते ती आतून बाहेर जाणाऱ्या पॅकेटमुळे. बाहेरून कोणी आपणहून आलं आणि तक्त्यात त्याची नोंद नसेल, तर पॅकेट कुणाला द्यायचं हे राउटरला ठरवता येत नाही, तो ते टाकून देतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे हाताने लिहिलेली कायमची नोंद: अमुक पोर्टवर जे येईल ते डीव्हीआरला दे. ती तुम्ही बरोबर लिहिली आहे. पण पुण्यातून निघालेलं पॅकेट तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही.

१००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे सुमारे ४२ लाख पत्ते एप्रिल २०१२ मध्ये खास इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. तुमचा १००.७२ त्यातलाच. म्हणजे केबलवाल्याच्या किंवा त्याला इंटरनेट पुरवणाऱ्याच्या यंत्रावर आणखी एकदा हीच अदलाबदल होते. याला सीजीनॅट म्हणतात. खरा सार्वजनिक पत्ता तिथे आहे, अनेक ग्राहकांत वाटलेला, आणि त्या तक्त्यात तुम्हाला काही लिहिता येत नाही.

हे करावं लागतं कारण आयपीव्ही४ चे, म्हणजे वर दिलेल्या चार आकड्यांच्या जुन्या पद्धतीचे, पत्तेच मुळात ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ ला वाटले गेले. आशिया-पॅसिफिकसाठी पत्ते वाटणारी एपनिक त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या गटावर आली आणि तिथून पुढे रेशनिंग सुरू झालं. त्यानंतर तालुक्याच्या गावात फायबर टाकणाऱ्याला पुरेसे पत्ते मिळणार कुठून? विकत किंवा भाड्याने घ्यावे लागतात. तो मागतोय ते पैसे खरोखर दुर्मीळ वस्तूचे आहेत. मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा: कनेक्शन देताना ग्राहकाला हे कुणी सांगत नाही. ‘तुम्हाला सार्वजनिक पत्ता मिळणार नाही’ एवढी एक ओळ प्लॅनच्या कागदावर हवी.

या वाटून घेण्याचे इतर परिणामही आहेत. एका पत्त्यावर ६४ घरं बसवली तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण हजार पोर्ट येतात. शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरवरून स्पॅम गेलं तर ‘तुम्ही रोबो नाही ना’ हे तुम्हालाही विचारलं जातं. आणि गुन्ह्याच्या तपासात नुसता आयपी पत्ता आणि वेळ हाती असेल, तर त्यावरून एक घर ठरवता येत नाही, पोर्टही लागतो. सर्व्हरने पोर्टचीही नोंद ठेवावी, अशी शिफारस २०११ च्या आरएफसी ६३०२ मध्ये त्यासाठीच आहे.

पैसे भरण्याआधी खात्री करून घ्या. राउटरच्या पानावरचा वॅन पत्ता आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या वेबसाइटवर दिसणारा पत्ता ताडून बघा. ही वेबसाइट गावच्याच वायफायवरून उघडा. दोन्ही वेगळे असतील तर मध्ये आणखी एक तक्ता आहे. (वॅनवरच १९२.१६८ दिसला असता तर दोष घरातच असता: केबलवाल्याचा फायबरचा डबा एकदा आणि तुमचा राउटर दुसऱ्यांदा पत्त्यांची अदलाबदल करतोय. मग तो डबा ब्रिज मोडवर, म्हणजे अदलाबदल न करता पॅकेट नुसतं पुढे देण्यावर, टाकायला सांगायचं.) फॉरवर्डिंगची चाचणी नेहमी मोबाइल डेटावरून करा. घरच्याच वायफायवरून आपला सार्वजनिक पत्ता उघडला तर पुष्कळ राउटर ते पॅकेट आत वळवत नाहीत आणि सगळं ठीक असूनही बिघाड वाटतो. डीव्हीआरचा आतला पत्ताही राउटरमध्ये पक्का करा, नाहीतर वीज जाऊन आल्यावर तो बदलू शकतो आणि नोंद भलत्याच उपकरणाकडे बोट दाखवते.

सगळ्यात सोपा मार्ग डीव्हीआर कंपनीच्या ॲपचा, ज्यात क्यूआर कोड स्कॅन करतात. यात डीव्हीआर स्वतः बाहेर कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, म्हणजे दोन्ही तक्त्यांत आतून नोंद होते, आणि मधूनमधून छोटी पॅकेटं पाठवून तो ती जिवंत ठेवतो. तुमचा फोनही तेच करतो. सर्व्हर दोघांना एकमेकांचा बाहेरचा पत्ता व पोर्ट सांगतो आणि दोघं एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेटं पाठवतात. हे जमलं तर चित्र थेट येतं, नाही जमलं तर सर्व्हरमार्गे. तुमचं चित्रण परक्याच्या सर्व्हरवर अवलंबून राहतं, ही त्याची किंमत.

ती नको असेल तर वायरगार्ड, म्हणजे व्हीपीएनचा (इंटरनेटवरून जाणाऱ्या कुलूपबंद खासगी जोडणीचा) एक प्रोग्राम. भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर सार्वजनिक पत्ता मिळतो. गावचा राउटर किंवा एखादा छोटा कॉम्प्युटर तिथे स्वतःहून जोडला जातो आणि तुमचा फोनही तिथेच जोडला जातो. गावच्या टोकाला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा, नाहीतर शांततेत नोंद पुसली जाईल. मी बहुतेक ठिकाणी हेच करतो.

आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत, जिच्यात पत्त्यांची टंचाई नाही) दोन्ही टोकांना असेल आणि डीव्हीआरलाही ते येत असेल, तर या अदलाबदलीची गरजच उरत नाही. मात्र तिथे राउटरचा फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारा पहारा) त्या एका उपकरणापुरता उघडावा लागतो.

सार्वजनिक पत्ता घेतलाच, तर तो रोज बदलणारा चालेल का हे आधी विचारा. डायनॅमिक डीएनएसने (बदलत्या पत्त्याला एक कायमचं नाव देणारी सेवा) तेवढ्यावर भागतं आणि बऱ्याचदा स्वस्त पडतं. पण त्यावर डीव्हीआरचा पोर्ट थेट उघडू नका, त्यावर व्हीपीएन चालवा. २०१६ मध्ये मिराई नावाचा प्रोग्राम कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून जगभरच्या कॅमेऱ्यांत आणि डीव्हीआरमध्ये घुसला. २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या जोरावर डाइन या डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या) कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास अडखळल्या. तुमच्या बाबतीत आत आईबाबांचं अंगण आणि ओसरी दिसते, म्हणून हे जास्त काळजीने सांगतोय. पासवर्ड आजच बदला, राउटरमधलं यूपीएनपी बंद करा. ते चालू असलं की आतलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता स्वतःसाठी पोर्ट उघडून घेऊ शकतं.

डीव्हीआर आणि राउटरचं मॉडेल कळवलंत तर वायरगार्ड कुठे बसेल ते सांगतो. काही राउटरमध्ये ते आधीपासून असतं आणि वेगळा कॉम्प्युटर ठेवावा लागत नाही.