घराला नाव देण्याआधी बघा, घर सांभाळलं कोणी

तुम्ही विचारलंय की रत्नागिरीजवळ गावचं जुनं घर पाडून नवीन बांधलंय, दिवाळीनंतर वास्तुशांत आहे, तर छोटं आणि चांगल्या अर्थाचं मराठी नाव सुचवा, हयात माणसाचं नाव दिलं तर चालतं का आणि पाटी कशाची करावी. नावांची यादी मी देत नाही, ती कुठेही मिळेल. पण हयात माणसाच्या नावावर मला बोलायचंच आहे, कारण त्यावरून आमच्या घरातली दोन माणसं चार वर्षं एकमेकांशी धड बोललेली नाहीत आणि त्यातली एक मी आहे.

माझं माहेर दापोली तालुक्यात, हर्णैजवळ. चिऱ्याचं जुनं घर, वर मंगलोरी कौलं, पुढे खळं. वडील आणि मोठे काका मुंबईला, गावी फक्त माई. माई म्हणजे माझी धाकटी काकू. काका गिरणीत होते, 1982 च्या संपानंतर दोघं गावी आले ते कायमचेच, मग पाच-सहा वर्षांत काका गेले. मूलबाळ नाही. आम्ही सगळे गणपतीला आणि मे महिन्यात जाणार, आंबे-फणस खाणार आणि पिशव्या भरून परत येणार. बाकीचं वर्ष माईचं. पावसाच्या आधी माणसं बघून घर शाकारून घ्यायचं, पडवीला झापं बांधायची, नारळ-सुपारी उतरवून घ्यायची, घरपट्टी भरायची आणि रोज तिन्हीसांजेला दिवा लावायचा. हे एकटीने तीसेक वर्षं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा लॉकडाऊन होता, मुंबईतून कोणीच जाऊ शकत नव्हतं. फोन बंद. चौथ्या दिवशी वाडीतल्या एका मुलाने रेंज मिळेल तिथवर जाऊन कळवलं की मागच्या बाजूची कौलं उडालीत, माड न्हाणीवर आडवा झालाय पण माई बरी आहे. नंतर तिनेच मला सांगितलं, वारा सुटल्यावर तिने देव्हाऱ्यातले देव काढले, आपल्या जुन्या पातळात गुंडाळले आणि भाताच्या कणगीत ठेवले, वर पाट घातला आणि त्या पाटावर स्वतः बसून राहिली. दुपारभर. डोक्यावरून कौलं जात होती आणि ती हलली नाही. मला म्हणाली, "देव भिजले असते तर तुम्हाला काय तोंड दाखवलं असतं गो?"

मग घर नव्याने बांधायचं ठरलं, सगळ्यांनी पैसे घातले, चुलत भावाने, म्हणजे दादाने, सगळ्यात जास्त. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी नावाचा विषय निघाला. दादाचं आधीच ठरलं होतं, आजोबांचं नाव आणि पुढे 'स्मृती'. मी म्हटलं, घराला 'माई' नाव द्या. नाहीतरी अख्खी वाडी माईचं घरच म्हणते. दादा म्हणाला जिवंत माणसाचं नाव घराला देत नाहीत, आयुष्य कमी होतं. मग म्हणाला, सातबाऱ्यावर तरी तिचं नाव आहे का? आणि शेवटी, तू लग्न होऊन गेलेली, तू यात पडू नको. माई तिथेच विळीवर नारळ खोवत बसली होती. एक शब्द बोलली नाही, हातातली वाटी संपवली आणि ताट उचलून आत गेली. ते मला अजून विसरता येत नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हयात माणसाचं नाव खुशाल द्या. लोक बंगल्याला आपल्या दोन-चार वर्षांच्या मुलांची नावं देतात तेव्हा आयुष्य कमी होईल असं कोणाच्या मनात येत नाही, मग घर राखणाऱ्या बाईच्या वेळीच का येतं? आणि तुम्ही रत्नागिरीचेच आहात तर थिबा पॅलेस बघा. इंग्रज सरकारने बांधला, त्यात ब्रह्मदेशचा राजा थिबा 1910 पासून 1916 ला मरेपर्यंत नजरकैदेत राहिला, आणि नाव राहिलं ते राहणाऱ्याचं. आमच्याकडची जुनी नावं पण अशीच आहेत, खालचं घर, पऱ्यावरचं घर, आगरातलं घर. लोक जे म्हणत होते तेच नाव होतं, त्यासाठी पाटी लागली नाही. अर्थाचंच नाव हवं असेल तर ते तरी स्वतःच्या आयुष्यातलं असू दे. बाबासाहेबांनी दादरच्या घराला 'राजगृह' म्हटलं, मगधाच्या जुन्या राजधानीवरून, त्यांच्या मनात जे होतं तेच त्या नावात आलं. 'स्वप्नपूर्ती' आणि 'मातृछाया' तर प्रत्येक वाडीत आहेत, त्यातून कोणाचं घर ते कळतच नाही.

सातबाऱ्याचं म्हणाल तर तिथे माईचं नाव नव्हतं कारण काका गेल्यावर वारस नोंद कोणी केलीच नव्हती, सगळं अजून आजोबांच्या नावावर. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला नवऱ्याच्या हिश्श्यात वाटा आहे, तो कागदावर आणायचं काम आम्हा शिकलेल्या लोकांचं होतं आणि आम्ही ते केलं नाही. म्हणून पाटीच्या आधी तलाठ्याकडे आणि ग्रामपंचायतीत जाऊन या. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर, म्हणजे घराच्या नोंदीच्या कागदावर, नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात, ती लावा. घराचं नाव मात्र कुठे रजिस्टर करावं लागत नाही, तिथे घर नंबरच चालतो.

पाटी संगमरवरी करू नका. आमची तशीच केली, साध्या लोखंडी स्क्रूवर. खाऱ्या हवेने दुसऱ्या पावसाळ्यात स्क्रू गंजले, 'स्मृती'वरून तांबडे ओघळ खाली आले आणि कडेने शेवाळ धरलं. काळा ग्रॅनाइट घ्या, अक्षरं खोदून पांढरा रंग भरा, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. चिऱ्यावर अक्षरं कोरायला जाऊ नका, दगड सच्छिद्र असतो, बारीक कोरीव काम त्यात टिकत नाही.

हे पण सांगते की दादाने कर्ज काढून पैसे घातले हे खरं आहे, आणि आजोबांच्या नावावर माझा राग नाही. तुमच्याकडे आजोबांनीच घर राखलं असेल तर त्यांचंच नाव द्या. माई आता अठ्ठ्याहत्तरची आहे, त्या पाटीखालून रोज तुळशीला पाणी घालायला जाते. मी तिला काही पाठवलं तर पत्त्यात 'माईचं घर' असंच लिहिते, पोस्टमन बरोबर आणून देतो.

तुम्ही प्रश्नात हॉल किती मोठा आणि गेट कुठल्या बाजूला ते सगळं लिहिलंय, पण जुनं घर पाडेपर्यंत त्यात कोण राहत होतं ते लिहिलेलं नाही. ते लिहा, मग नावाचं बघू.