ओव्हल मैदानापलीकडचे कॉलेज

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयात तुझा प्रवेश निश्चित झाला, हे वाचून किती बरे वाटले ते लिहून कळायचे नाही. मात्र पत्राच्या शेवटची ओळ मनातून जात नाही. १८५५ साली सुरू झालेल्या या कॉलेजात कोण शिकले आणि कोणी शिकवले त्यांची यादी वाचून तुला धास्ती वाटली, आणि जळगावहून येणारी आपण या मालिकेत कुठे बसणार, असे तू विचारले आहेस. आधी जळगावचेच सांगतो. प्रतिभाताई पाटील तुझ्याच जळगावातल्या मूळजी जेठा कॉलेजातून एम. ए. होऊन या कॉलेजात कायदा शिकल्या, परत जाऊन जळगावात वकिली करू लागल्या, १९६२ मध्ये आमदार झाल्या आणि २००७ मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. तेव्हा वाट अनोळखी नाही.

परंतु यादीकडे पाहण्याची तुझी रीत मला बदलायची आहे. पहिले सरन्यायाधीश हरिलाल कानिया येथलेच, हे पाठ करून काही हाती लागत नाही. त्या माणसांनी कोणत्या वेळी, कोणाच्या विरुद्ध, काय केले ते शोधू लागलीस की यादी बोलू लागते.

डॉ. आंबेडकरांचेच घे. १९२८ मध्ये ते येथे काही काळ प्राध्यापक होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जून १९३५ मध्ये ते प्राचार्य झाले, तेव्हा रमाबाईंना जाऊन आठवडाही उलटला नव्हता. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. जानेवारी १९३६ मध्ये मुंबई इलाख्यातील कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे याविषयीचा त्यांचा लेख कॉलेजच्या नियतकालिकात आला, ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि सप्टेंबर १९३७ मध्ये खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारीसारखी पद्धत, नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले. १९३८ मध्ये ते पदावरून दूर झाले. या तीन वर्षांतल्या तारखा एका कागदावर ओळीने लिहून पाहा. सरकारी कॉलेजचा प्राचार्य अभ्यासक्रमाचा विचार करतो आहे आणि तोच माणूस कोकणातल्या कुळांसाठी कायद्याचा मसुदा तयार करतो आहे. ही दोन कामे त्यांना वेगळी वाटली असतील, असे मला वाटत नाही. तो लेख तू पहिल्या सत्रातच वाच. त्यांच्यानंतर प्राचार्य झालेले असफ फैजी १९४७ पर्यंत होते, आणि मुस्लिम कायद्यावरचा त्यांचा ग्रंथ तुला ग्रंथालयात आजही मागून घ्यावा लागेल.

या कॉलेजचे बळ मोठ्या प्रमाणात अशा माणसांत होते, ज्यांनी वकिली चालू असतानाच शिकवले. बॅरिस्टर एम. सी. छागला १९२७ ते १९३० या काळात येथे शिकवत होते. यशवंतराव चंद्रचूड शिकले पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजात, पण १९४९ ते १९५२ पर्यंत त्यांनी अध्यापन केले ते येथे. दोघेही पुढे उच्च न्यायालयात गेले. छागला मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि चंद्रचूड देशाचे सरन्यायाधीश. कालच्या सुनावणीत न्यायमूर्तींनी आपल्याला कुठे अडवले, हे सांगू शकणारा शिक्षक मिळणे ही फार मोठी गोष्ट असते. असा कोणी तुला मिळाला तर त्याचा एकही तास चुकवू नकोस.

आता जे मला खरोखर सांगायचे आहे ते सांगतो. केशवानंद भारती खटल्याचा निकाल मी विद्यार्थी असताना गाईडमधून पाठ केला होता आणि त्याबद्दल मला आजही खंत वाटते, कारण त्या खटल्याचा गाभा दोन बाजूंच्या युक्तिवादात आहे आणि गाईडमध्ये फक्त निष्कर्ष होता. तेरा न्यायमूर्तींसमोर ६८ दिवस सुनावणी चालली आणि २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा मतांनी निकाल लागला. संसदेला घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, असे ठरले. याचिकाकर्त्यांच्या बाजूने नानी पालखीवाला उभे होते आणि केरळ सरकारच्या बाजूने एच. एम. सीरवाई. दोघेही याच कॉलेजचे विद्यार्थी. पालखीवालांना खरे तर इंग्रजीचे अध्यापक व्हायचे होते. विद्यापीठातली ती जागा मिळाली नाही आणि इतर बहुतेक प्रवेश बंद झालेले होते, म्हणून ते कायद्याकडे आले. वयाच्या तिसाव्या वर्षी आयकरावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. तुझ्या प्रवेशाच्या धावपळीविषयी तू लिहिलेस तेव्हा मला हेच आठवले.

सीरवाई त्या दिवशी हरले, पण मला त्यांच्याविषयी अधिक आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीमुळे. आणीबाणीत काय घडू शकते ते पाहिल्यावर त्यांनी घटनेवरील आपल्या महाग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत स्वतःची भूमिका बदलली आणि ज्या सिद्धान्ताविरुद्ध ते लढले होते तो मान्य केला. ज्याच्या शब्दाचा आधार देशभरचे वकील घेत होते, त्याने आपले मत चुकले होते असे छापून सांगितले.

न्यायमूर्ती पी. एन. भगवती हेही इथलेच. १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणात, शिक्षेच्या मुदतीहूनही अधिक काळ बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांना त्यांनी दार उघडून दिले. जनहित याचिकेला आपल्याकडे जे रूप आले त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. पण तीनच वर्षे आधी, २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला न्यायालयात दाद मागता येणार नाही असे चार विरुद्ध एक मतांनी ठरवणाऱ्या पीठात भगवती आणि चंद्रचूड हे दोघेही बहुमतात होते. आणीबाणी जाहीर होताच अतिरिक्त सॉलिसिटर जनरलपदाचा राजीनामा देणारे फली नरिमन याच कॉलेजचे आणि त्या खटल्यात स्थानबद्धांच्या बाजूने उभे राहिलेले सोली सोराबजीही याच कॉलेजचे. सीरवाईंनी त्या निकालावर कठोर टीका केली. भगवतींनी २०११ मध्ये जाहीरपणे आपली चूक कबूल केली, आणि २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल मोडीत काढला. त्या निकालपत्राचे मुख्य लेखक होते यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड.

ही मालिका म्हणजे एकमेकांशी, आणि वेळ आली तेव्हा स्वतःशीही, उघडपणे वाद घालणाऱ्या माणसांची मालिका आहे, असे मी समजतो. तिच्यात बसायला जळगाव दूर पडत नाही. मूट कोर्टात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यात, तुला न पटणारी बाजू मुद्दाम मागून घे. प्रत्येक निकालातले अल्पमत आधी वाच. एक वही ठेव आणि तिच्यात आपले मत तारीख घालून लिही, म्हणजे दोन वर्षांनी ते बदलले तर का बदलले, हे तुला तपासता येईल.

कॉलेजातून निघून ओव्हल मैदान ओलांडले की समोर उच्च न्यायालय आहे. तू आलीस की पहिल्या शनिवार-रविवारची वाट न पाहता कामकाजाच्या दिवशीच जाऊ, बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, पाहू आणि एखाद्या दालनात मागे बसू. त्याआधी मध्यवर्ती न्यायदालनाजवळची एक शिला तुला दाखवायची आहे. १८७९ मध्ये कायद्याची पदवी घेतलेल्या टिळकांना कॉलेज आपला माजी विद्यार्थी म्हणते. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी स्वतःच आपला बचाव केला. शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७ मध्ये त्यांच्याच जामिनासाठी लढलेले बॅरिस्टर होते. शिक्षा ऐकण्यापूर्वी टिळक जे बोलले ते त्या शिलेवर कोरलेले आहे, आणि १९५६ मध्ये तिचे अनावरण केले ते मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी, ज्या न्यायालयाने टिळकांना शिक्षा दिली त्याच न्यायालयाच्या वतीने. वही बरोबर आण. तो मजकूर हाताने उतरवून घे.

गाडीची वेळ कळव. दादरला मी येतो.

तुझा,
काका