प्रचाराचा माईक आणि श्रोत्याचा फोन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

निवडणूक प्रचारातील रेडिओच्या वापराविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

दादरमधील एका पक्षाचे शाखा पदाधिकारी विचारतात : अमेरिकेत रोज तीन-तीन तास राजकारणावर गप्पा चालणारे टॉक रेडिओचे कार्यक्रम असतात. मुंबईतील एखाद्या एफएम वाहिनीवर आमच्या उमेदवाराला तासभर बसवून श्रोत्यांचे फोन घेता येतील का?

सध्याच्या नियमांत नाही. खासगी एफएम वाहिन्यांना बातम्या आणि चालू घडामोडींवरील स्वतःचे कार्यक्रम करण्यास मनाई आहे. २०११ च्या धोरणाने त्यांना आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावण्याची मुभा दिली. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी आणि विजेसंबंधीच्या सूचना, क्रीडास्पर्धांची माहिती अशा गोष्टी ‘बातम्या’ या सदरातून वगळल्या, पण राजकीय चर्चेचे दार बंदच ठेवले. शिवाय आकाशवाणीची कार्यक्रमसंहिता या वाहिन्यांनाही लागू असून, एखाद्या राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला करणे त्या संहितेत बसत नाही. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच दिला होता, हे लक्षात घेतले तर ही मनाई अधिकच विचित्र वाटते. खासगी वाहिन्यांना तासाला दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये केली. पण दहा मिनिटांत फार तर बातमीपत्र बसेल, श्रोत्यांशी वादसंवाद बसणार नाही.

अमेरिकेतही हे चित्र पूर्वीपासून नव्हते. वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन तेथील प्रसारकांवर १९४९ पासून होते आणि ते १९८७ मध्ये उठले. उजव्या विचारांचे निवेदक रश लिंबॉ यांचा रोजचा तीन तासांचा कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला तो त्यानंतर, १९८८ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे एकतर्फी टॉक रेडिओ ही नियमबदलाची उपज आहे. तेथील श्रोता आपल्याहून अधिक राजकारणवेडा आहे, असे समजण्याचे कारण नाही.

तरीही मुंबईच्या एफएमवर राजकारण मुळीच होत नाही, असे म्हणता येणार नाही. २०१७ च्या जुलैमध्ये आरजे मलिष्का यांनी रस्त्यांवरील खड्ड्यांवरून महापालिकेची खिल्ली उडवणारे विडंबनगीत केले, तेव्हा त्यात कोणाला मत द्या असे कोठेही म्हटलेले नव्हते. पण त्यानंतर त्यांच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस महापालिकेने काढली आणि सत्ताधारी नगरसेवकांनी ५०० कोटींच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची मागणी केली. सत्ताधाऱ्यांना इतके झोंबलेले प्रचाराचे भाषण मला तरी आठवत नाही. खड्डे, नालेसफाई, पाणी, लोकलची गर्दी हे विषय ‘नागरी सुविधा’ म्हणून एफएमवर बोलता येतात आणि महापालिकेच्या निवडणुकीत याहून वेगळे राजकारण असते तरी कोणते? याउलट पुढाऱ्याला स्टुडिओत बोलावले की गप्पा कॉलेजच्या आठवणी आणि आवडीचा वडापाव यांपलीकडे जात नाहीत. तुमचा उमेदवार त्यासाठी तासभर घालवणार असेल, तर तो वेळ त्याने चाळीच्या जिन्यावर घालवलेला बरा.

कालिना येथून माध्यमशास्त्राची एक विद्यार्थिनी : १९९४ ची अमेरिकी काँग्रेसची निवडणूक टॉक रेडिओने जिंकून दिली, असे वाचले. रेडिओमुळे माणसे खरोखर मत बदलतात का?

त्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधिगृहात ५४ जागा अधिक मिळवल्या आणि चाळीस वर्षांनी तेथे त्याचे बहुमत झाले. नव्या सदस्यांनी लिंबॉ यांना आपल्या तुकडीचे मानद सदस्य करून घेतले. त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचे, हे विजेत्यांनीच ठरवून टाकले. माझे मत थोडे वेगळे आहे. जो माणूस रोज तीन तास एकाच बाजूचे बोलणे ऐकतो, तो बहुधा आधीपासूनच त्या बाजूचा असतो. रेडिओ त्याचे मत बदलत नाही. आपल्यासारखे पुष्कळ लोक आहेत, ही खात्री तो त्याला देतो, आज कोणत्या मुद्द्यावर बोलायचे ते सांगतो आणि मतदानाच्या दिवशी त्याला घराबाहेर काढतो. अध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर होणाऱ्या अशा निवडणुकीत मतदान कमी होत असल्यामुळे एवढेही पुरेसे ठरते.

हे यंत्र दुसऱ्या बाजूने जसेच्या तसे उभारता येत नाही, हेही दिसून आले आहे. अमेरिकेतील उदारमतवाद्यांनी २००४ मध्ये ‘एअर अमेरिका’ हे रेडिओ केंद्रांचे जाळे सुरू केले. ते २०१० मध्ये बंद पडले. ब्रिटनचे तत्कालीन उपपंतप्रधान निक क्लेग यांनी २०१३ पासून लंडनच्या ‘एलबीसी’ केंद्रावर दर आठवड्याला श्रोत्यांचे फोन घेतले आणि बरेचसे सभ्यपणे, मुद्देसूद बोलले. २०१५ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष ५७ जागांवरून आठ जागांवर आला. सरकारमध्ये राहून घेतलेल्या निर्णयांचा राग फोनवरच्या सौजन्याने निवत नाही.

ठाण्याहून एका उमेदवाराचे प्रचारप्रमुख : कार्यक्रमात आपल्याच कार्यकर्त्यांनी सामान्य श्रोते म्हणून फोन करावेत, अशी सूचना आमच्या बैठकीत आली. यात गैर काय?

फसवणूक हे गैर तर आहेच, पण तुमची चिंता व्यावहारिक असावी असे गृहीत धरून सांगतो. टॉक रेडिओच्या केंद्रावर फोन थेट निवेदकापर्यंत जात नाही. आधी एक सहायक तो उचलतो, नाव, ठिकाण आणि प्रश्न विचारून घेतो आणि निवेदकाच्या पडद्यावर एका ओळीत नोंद करतो. प्रक्षेपण काही सेकंद उशिराने होत असल्यामुळे नको ते वाक्य कापताही येते. रोज शेकडो आवाज ऐकणाऱ्या त्या सहायकाला पढवलेला माणूस पहिल्या दोन वाक्यांत ओळखू येतो, कारण खरा श्रोता स्वतःच्या गल्लीपासून सुरुवात करतो आणि पढवलेला श्रोता पक्षाच्या जाहीरनाम्यापासून. ‘मी एक सामान्य नागरिक म्हणून विचारू इच्छितो’ असे कोणताही सामान्य नागरिक म्हणत नाही.

त्यापेक्षा कार्यकर्त्यांना ऐकण्याच्या कामाला लावा. फोन कोणत्या भागातून येतात, कोणत्या प्रश्नावर निवेदकाचा सूर बदलतो, उत्तर न मिळाल्याने श्रोता कोठे चिडतो, याच्या आठवडाभराच्या नोंदी प्रचारसभांच्या भाषणांसाठी फार उपयोगी पडतात.

मुलुंडहून एक अपक्ष इच्छुक : रेडिओवर जाहिरात द्यायची आहे. कोणाची परवानगी लागते? शेवटच्या दिवशी लावली तर चालेल का?

लोकसभा किंवा विधानसभेसाठी ध्वनिमुद्रित जाहिरात आणि तिची संहिता माध्यम प्रमाणन समितीकडून आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशानंतर ही पद्धत दूरचित्रवाणीसाठी आली आणि पुढे रेडिओलाही लागू झाली. मान्यताप्राप्त पक्षाने प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा असतो, तुमच्यासारख्या अपक्षाने किमान सात दिवस आधी. मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीच्या ४८ तासांत ती वाजवता येत नाही. तेव्हा शेवटचा दिवस विसराच. खर्च तुमच्या हिशेबात धरला जाईल. विधानसभेसाठी महाराष्ट्रात ही मर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. एखाद्या हितचिंतक व्यापाऱ्याने तुमच्या लेखी संमतीशिवाय परस्पर जाहिरात दिली, तर तो गुन्हा ठरू शकतो. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे त्या वेळी त्याचे आदेश वेगळे मागवून वाचावेत.

एक व्यावहारिक अडचण मात्र कोणी आधी सांगत नाही. एफएमचे प्रक्षेपण मुंबईभर ऐकू जाते आणि तुमचा मतदारसंघ मुलुंडपुरता आहे. कुलाब्यापासून दहिसरपर्यंतच्या श्रोत्यांचे पैसे तुम्ही भरणार आणि मते एका कोपऱ्यातली मागणार. शहरभर उमेदवार असलेल्या पक्षाला हा सौदा परवडतो. अपक्षाला रिक्षावरचा भोंगाच स्वस्त पडतो.

चेंबूरहून एक कार्यकर्ती : आमच्या ताई सभेत उत्तम बोलतात, पण थेट प्रश्न आला की गोंधळतात. मुलाखतीची तयारी कशी करून घ्यावी?

आकड्यांपासून सुरुवात करा. २०१५ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या ग्रीन पक्षाच्या नेत्या नॅटली बेनेट ‘एलबीसी’वर गेल्या होत्या. पाच लाख सार्वजनिक घरे बांधू, हे त्यांच्या पक्षाचे आश्वासन होते. निवेदक निक फेरारी यांनी साधा प्रश्न केला : खर्च किती? त्यांनी २७० कोटी पौंड सांगितले. भागाकार केला तर एका घराला ५४०० पौंड पडतात आणि एवढ्यात ब्रिटनमध्ये न्हाणीघरही होत नाही. निवेदक खोदत गेले, त्या अडखळल्या, खोकल्या, लांबलचक थांबल्या. दूरचित्रवाणीवर अशा वेळी चेहरा थोडेफार सावरून घेतो. रेडिओवर नुसती शांतता ऐकू येते आणि तीन सेकंदांची शांतता कबुलीजबाबासारखी वाटते. तेव्हा ताईंच्या प्रत्येक आश्वासनाचा एकूण खर्च, दर घरामागचा किंवा दर माणसामागचा खर्च आणि पैसा कोणत्या खात्यातून येणार, हे तीन आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरांत त्यांच्यासमोर असू द्या.

दुसरी गोष्ट म्हणजे श्रोत्याशी बोलण्याची. समजा, घाटकोपरच्या टेकडीवरील वस्तीतून एका बाईंनी विचारले : ‘पहाटे चारला पाणी येतं, साडेचारला जातं, ते पण करंगळीएवढं. तुम्ही काय करणार?’ येथे ‘गेल्या सत्ताधाऱ्यांनी मुंबईकरांना तहानलेले ठेवले’ अशी सुरुवात झाली की त्या बाईंनी आणि त्यांच्यासारख्या हजारोंनी ऐकणे सोडलेच म्हणून समजा. ताईंनी आधी विचारावे : ‘ताई, तुमची वस्ती टाकीच्या वर आहे की खाली?’ मग दाब का पडतो, पंपाची मागणी एन वॉर्डातील जलअभियंता खात्याकडे कशी करायची आणि निवडून आल्यास आपण पहिल्या महिन्यात काय करू, हे चार वाक्यांत सांगावे. विरोधकांचे नाव आलेच तर शेवटी यावे. उत्तर ठाऊक नसेल, तर तसे सांगून ‘फोन ठेवू नका, आमची मुलगी तुमचा नंबर घेईल’ म्हणावे आणि त्या नंबरवर त्याच संध्याकाळी खरोखर फोन करावा. तो फोन गेला नाही, तर ते वस्तीभर होईल.

मोबाइलच्या स्पीकरवरून किंवा धावत्या गाडीतून मुलाखत देऊ नये. निवेदकाशी हुज्जत घालू नये. माईक त्याच्या ताब्यात असतो.

गिरगावातील एक ज्येष्ठ श्रोते : आकाशवाणीवरील पक्षांची निवडणूक भाषणे मी वर्षानुवर्षे ऐकत आलो. इतकी नीरस का असतात?

कारण त्यांत श्रोताच नसतो. मान्यताप्राप्त पक्षांना मोफत वेळ मिळतो, भाषणाची संहिता आधी द्यावी लागते आणि ती तपासली जाते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सीताराम येचुरी यांना आपल्या भाषणातील काही शब्द गाळावे लागले होते. इतकी इस्त्री केलेल्या मजकुरात बोलण्याची सुरकुती राहणार कोठून? पंतप्रधानांच्या २०१४ च्या ऑक्टोबरपासून सुरू असलेल्या ‘मन की बात’मध्ये श्रोत्यांच्या पत्रांचा आणि संदेशांचा उल्लेख असतो, म्हणून ती संवादासारखी वाटते. पण उलट प्रश्न विचारण्याची सोय तेथेही नाही. २०२४ मध्ये आचारसंहितेच्या काळात तीन महिने ती थांबवण्यात आली होती, यावरून तिचे राजकीय वजन कळते.

आपल्या पिढीला आकाशवाणीवरील ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिका आठवत असेल. मीनावहिनी, प्रभाकरपंत आणि टेकाडेभावजी यांच्या गप्पांतून रोजचे प्रश्न घराघरांत पोहोचत, कारण तिघांपैकी कोणीतरी नेहमी ‘पण’ म्हणत असे. पक्षांच्या भाषणांत तो ‘पण’ म्हणणारा माणूस नसतो.

अंधेरीहून एक तरुण : मग पॉडकास्टच करावा ना?

जरूर करावा. एफएमवरील बातम्यांची बंदी त्याला लागू होत नाही. मात्र त्यासाठी इंटरनेटवर दिलेल्या राजकीय जाहिरातीला पूर्वप्रमाणन लागते आणि तिचा खर्च उमेदवाराच्या खात्यात जातो. महिन्यातून एकदा तरी भागातील लोकांचे फोन न कापता त्यात ठेवा, विशेषतः तुमच्या उमेदवाराला मत न देणाऱ्यांचे.