होंगदेला आम्ही काय करायचं?

प्रश्न : लेक सोलला शिकते. आम्ही गेलो की एका संध्याकाळी ‘होंगदे’ला नेणार म्हणते. साठीच्या, शाकाहारी माणसांचं तिथे काय काम? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, जाच. मीही साठी ओलांडूनच गेले होते. होंगदे हे होंगिक विद्यापीठाचं आखूड नाव, चित्रकलेसाठी नावाजलेलं. भोवतालच्या गजबजलेल्या भागालाही तेच म्हणतात. मेट्रोच्या २ नंबर लाइनने होंगिक विद्यापीठ स्टेशनला जा, ९ नंबरच्या दाराने बाहेर या. तिथे पोरं मित्रांची वाट बघत अशी उभी असतात, की वाटावं वऱ्हाडच खोळंबलंय. वर निऑनच्या पाट्या, मजल्यावर मजला. पाऊस पडून गेला होता, माझ्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांवरही गुलाबी उजेड पडलेला.

रस्त्यात पोरं रिंगण करून नाचतात, गातात. बघायला पैसे नाहीत, बसायलाही जागा नाही, तेवढं गुडघ्यांना सांगून ठेवा. नाण्यांवर चालणाऱ्या गाण्याच्या खोल्या असतात, आपल्या जुन्या टेलिफोन बूथपेक्षा थोड्या ऐसपैस. आमच्या ह्यांनी तिथे आवाज लावला. सूर राहून गेला.

खाण्याचं म्हणाल तर लालभडक त्तोक्बोक्कीचा (तिखट रश्श्यातल्या तांदळाच्या कांड्यांचा) मोह टाळा, रश्श्यात बहुधा मासळी असते. ‘होत्तोक’ मागा. ब्राऊन शुगर-दालचिनीचं सारण भरून तव्यावर दाबलेली जाड पोळी, गुळपोळीची चुलतबहीणच. कागदी कपात देतात. पहिला घास फुंकून घ्या. आतला पाक जीभ भाजतो. माझी दोन दिवस बधिर होती.

आणि मध्यरात्रीच्या सुमारास मेट्रो बंद होते, लेकीला आधीच विचारून ठेवा.